इमॅजिकासाठी नाशिक सोडावं का? दोन्हीकडे राहून पाहिल्यावर

इंदिरानगरचं घर भाड्याने देऊन आम्ही खोपोलीला राहायला चाललो आहोत, असं सांगितलं की बहुतेक जण विचारायचे, "बदली झाली का?" मी सांगायचो, बदली नाही, नोकरी सोडली आहे, खोपोलीजवळचं इमॅजिका हे मनोरंजन उद्यान जवळ पडतं म्हणून चाललोय. त्यावर समोरचा माणूस क्षणभर गप्प व्हायचा आणि मग आईच्या तब्येतीची चौकशी करायचा. पण गेल्या दोन वर्षांत नाशिकच्याच चार घरांतून मला याबद्दल अगदी मनापासून विचारणा झाली. दोघांची मुलं लहान आहेत, एक जोडपं आमच्यासारखं पन्नाशी ओलांडलेलं आहे, आणि एक बाई एकट्या आहेत, त्यांना स्वतःलाच रोलरकोस्टरचं वेड आहे. प्रत्येकाशी फोनवर तासभर बोलण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढावं, म्हणून हे.

तुलना दोनच गोष्टींची आहे. एक, नाशिकमध्येच राहायचं आणि वर्षातून एक-दोनदा जाऊन यायचं. दोन, बिऱ्हाडच तिकडे हलवायचं. तिकिटाचे दर, सुट्टीच्या दिवशीचा फरक, कुठल्या राइडला किती उंची लागते, हे तुम्हाला माझ्याइतकंच पाठ असणार, त्यात शिरत नाही. आमचा अनुभव सांगतो. एप्रिल २०१३ मध्ये उद्यान सुरू झालं आणि त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पहिल्यांदा गेलो. लेक तेव्हा नऊ वर्षांची होती. पुढच्या वर्षी वॉटर पार्क आलं, २०१६ मध्ये बर्फाचं दालन आलं. प्रत्येक नवी गोष्ट आम्ही नाशिकहून जाऊन पाहिली. मधली कोरोनाची वर्षं वगळता २०२३ पर्यंत अकरा फेऱ्या झाल्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये आम्ही खोपोलीला घर घेतलं, भाड्याने. म्हणजे नाशिककर म्हणून अकरा फेऱ्या आणि खोपोलीकर म्हणून दोन पावसाळे, एवढ्यावर मी बोलतोय. तुमचा अनुभव वेगळा येऊ शकतो.

आधी एक गोष्ट बाजूला काढतो. तुमचं प्रेम फक्त पाण्याच्या घसरगुंड्यांवर असेल तर कुठेच हलायची गरज नाही. शिर्डीचं वेट अँड जॉय आपल्यापासून नव्वदेक किलोमीटरवर आहे, सिन्नरमार्गे सकाळी निघून रात्रीच्या जेवणाला घरी येता येतं, घरातली मोठी माणसं बाबांचं दर्शन घेतात, तोवर मुलं भिजतात. ते पार्क संगमनेरच्या मालपाणी समूहाचं, आणि २०२२ पासून इमॅजिकाची सूत्रंही त्यांच्याच हातात आहेत. लोणावळ्याचाही विचार आम्ही केला होता, पण तिथली भाडी शनिवार-रविवारच्या पर्यटकांना धरून ठरतात आणि उद्यानाला जाताना प्रत्येक वेळी बोरघाट उतरावा लागतो. तो विचार दोन दिवसांत सोडला.

आता वाट. नाशिकहून जाणाऱ्याला ती सांगायला नको. पहाटे साडेचार-पाचला निघायचं, कसारा घाट अंधारात उतरायचा, शहापूरला चहा, आणि तिथेच ठरवायचं: कल्याण-शिळफाटा-पनवेल करून एक्सप्रेसवेला लागायचं, की मुरबाड-कर्जतचा रस्ता धरायचा. पहिल्या वाटेला ट्रकांची रांग, दुसऱ्या वाटेला वळणं, गावं आणि गतिरोधक. दोन्हीकडून आम्हाला साडेचार ते पाच तास लागायचे. एकदा पंचवटी एक्सप्रेसने कल्याण, तिथून खोपोली लोकल आणि पुढे रिक्षा असंही करून पाहिलं. खोपोलीला जाणाऱ्या लोकल मोजक्याच असतात, त्यामुळे फाटकातून आत जाईपर्यंत दुपार झाली होती. नवख्यांसाठी एक सूचना: या प्रवासात शिळफाटा नावाचे दोन फाटे आहेत, एक कल्याणच्या पुढचा आणि एक खुद्द खोपोलीतला, जिथून पालीचा रस्ता फुटतो. फोनवर पत्ता सांगताना आमचा दोनदा गोंधळ झाला आहे.

यात आता एक मोठा फरक पडला आहे आणि तो सांगितला नाही तर नाशिकच्या बाजूवर अन्याय होईल. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा सुरू झाला. इगतपुरीजवळच्या लांबलचक बोगद्यातून गाडी सरळ पलीकडे निघते, कसारा घाट टळतो. जूनपासून मी त्या वाटेने तीनदा नाशिकला जाऊन आलो. घाटातलं धुकं, बंद पडलेले ट्रक, समोरून येणारे दिवे, हे सगळं गेलं. माझा पाऊण तास तरी वाचतो. आमण्याला उतरल्यावर मात्र भिवंडी-कल्याणची गर्दी आहे तशीच आहे. हा रस्ता २०२३ मध्ये असता तर आम्ही खोपोलीला गेलो असतो का, असं मला सौ.ने विचारलं होतं. मी विचार करून सांगितलं, गेलो असतो. कारण माझा निर्णय ज्या गोष्टीने केला, ती रस्त्यात नव्हती.

ती गोष्ट म्हणजे दुपारचे साडेचार.

उद्यान सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास गजबजायला लागतं. पहिले दोन तास धावपळीत जातात, कारण नायट्रो या रोलरकोस्टरची रांग वाढायच्या आत नंबर लावायचा असतो. मग जेवण. मग ऊन असं तापतं की सावली शोधत एका दालनातून दुसऱ्या दालनात जायचं, आय फॉर इंडियाच्या थंडाव्यात बसायचं, सलीमगडात शिरायचं. खरी वेळ येते ती चारनंतर. ऊन कलतं, शाळांच्या सहलीच्या बस निघायला लागतात, रांगा आखडतात, मागची सह्याद्रीची भिंत तांबूस होते, वाऱ्याला जरा गारवा येतो. सकाळी तासभर उभं राहावं लागलेल्या राइडला आता दहा मिनिटांत बसता येतं. आणि नेमकं त्याच वेळी नाशिकच्या माणसाला घड्याळ बघायचं असतं. साडेचारला निघालो नाही तर पनवेलच्या पुढे संध्याकाळच्या गर्दीत सापडणार, कल्याणला आठ वाजणार, घाटात साडेनऊ, घरी मध्यरात्र. म्हणून तीन वाजल्यापासूनच मी मनातून निघालेला असायचो. "ही शेवटची हं," असं मी दर वेळी लेकीला सांगायचो, आणि ते सांगताना मला स्वतःलाच वाईट वाटायचं.

संध्याकाळची परेड आम्ही अकरा फेऱ्यांत एकदाही पाहिली नाही. २०१८ च्या डिसेंबरमधली एक वेळ मला नेमकी आठवते. आम्ही पार्किंगकडे चालत होतो आणि मागून ढोल वाजायला लागले. लेक तेव्हा चौदा वर्षांची, हट्ट करायचं वय संपलेलं. ती थांबली, मागे वळून उभी राहिली. दिवे लागलेले दिसत होते, रथ दिसत नव्हते. मी म्हटलं, चल, उशीर होईल. ती काही न बोलता आली. गाडीत मागच्या सीटवर बसून तिने पडघ्यापर्यंत एक शब्द काढला नाही, आणि कसारा घाटात झोपलेली असताना तिच्या पायात अजून बूट होते. तिने काढलेच नव्हते. आपण पहाटे चारला उठून, एवढे पैसे आणि एवढा दिवस घालून आलो, आणि ज्यासाठी आलो ती वेळ आली की उठून चालायला लागलो, हे मला त्या रात्री फार लागलं. तोपर्यंत ते मी प्रवासाचा भाग म्हणून धरत होतो.

इथे कुणीही म्हणेल, मुक्काम करा की. बरोबर आहे. दाराशीच २८७ खोल्यांचं हॉटेल आहे, खोपोलीत साधी लॉजही आहेत. आम्ही एकदा मुक्काम केला, जुलैमध्ये, दर उतरलेले असतात म्हणून. त्या संध्याकाळी पावसाने अशी झड लावली की परेड निघण्याचा प्रश्नच नव्हता. मोठ्या सुट्टीत तिघांचा दोन रात्रींचा हिशेब काढला, तर तो मला पुढे खोपोलीच्या घराला पडणाऱ्या चार-पाच महिन्यांच्या भाड्याइतका येत होता. तरीही मी म्हणेन, ज्यांना वर्षातून एकदाच जायचं आहे त्यांनी मुक्कामच करावा, घर हलवायच्या फंदात पडू नये. डिसेंबरमधला मंगळवार-बुधवार धरा. ज्यांना दर वेळी घरी परतल्यावर आठवडाभर चुटपुट लागते, त्यांच्यासाठी पुढचं लिहितोय.

खोपोलीला सामान येऊन तीन दिवस झाले होते, खोकी उघडायची होती. शनिवार होता, लेक पुण्याहून आली होती. आम्ही दुपारी तीनला जेवलो, भांडी घासली आणि साडेतीनला निघालो. पूर्ण दिवसाचं तिकीट काढून तीन-चार तासांसाठी. पटणार नाही असा हा खर्च आहे, मान्य. तिने दोनच राइड केल्या. मग रस्त्याच्या कडेला लहान मुलांच्या रांगेत जाऊन उभी राहिली, एकोणीस वर्षांची मुलगी. ढोल वाजले, दिवे लागले, रथ आले, उद्यानाचा शुभंकर टबी हत्ती हात हलवत गेला. शेवटचा रथ गेल्यावरही ती तिथेच होती. म्हणाली, "बाबा, आता कुठे निघायचं नाही ना?" मी म्हटलं, घर वीस मिनिटांवर आहे.

तिथेच राहिलं की नवलाई जाते, असं मला अनेकांनी बजावलं होतं. माझ्यापुरतं सांगतो, नवलाई गेली नाही, घाई गेली. हिवाळ्यात आम्ही महिन्यातून दोनदा जातो, तेही आठवड्याच्या मधल्या दिवशी, सवलत पाहून. सगळ्या राइड करायच्याच असं काही उरलेलं नाही. एके दिवशी फक्त डीप स्पेसमध्ये चारदा बसलो आणि परत आलो. सौ.ला नायट्रोची भीती वाटायची, पायाखाली फळीच नसते म्हणून. नाशिकहून जायचो तेव्हा "आता नाही तर पुन्हा कधी" असा आमचाच तगादा असायचा आणि त्यामुळे ती आणखी बिचकायची. इथे आल्यावर तिच्यामागे कुणी लागलं नाही. चौथ्या महिन्यात एका गुरुवारी ती आपणहून रांगेत उभी राहिली. खाली उतरली तेव्हा तिचे हात थरथरत होते आणि ती हसत होती. वयाच्या बावन्नाव्या वर्षी.

आता नाशिकच्या बाजूचं पारडं, आणि ते हलकं नाही.

पाऊस. नाशिक शहरात पाऊस पडतो म्हणजे काय, हे खोपोलीत एक जुलै काढल्यावर कळतं. आपल्याकडे गोदेला पूर आला की दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी चढलं, हे बघायला आपण जातो. त्र्यंबक-इगतपुरी सोडली तर बाकी पाऊस शहरात सोसण्याजोगा असतो. खोपोली घाटाच्या अगदी तोंडाशी, समुद्राकडून आलेला ढग इथे डोंगराला टेकतो आणि रिकामा होतो. जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत. भिंती घाम आल्यासारख्या होतात. पापड, मीठ, काडेपेटी, सगळ्याला ओल. इथले लोक कपाटात कमी वॅटचा बल्ब लावून ठेवतात, हे आम्हाला पहिल्या वर्षी माहीत नव्हतं.

सौ.चं माहेर येवल्याचं. लग्नातली पैठणी तिच्या आईने विणकराकडे बसून निवडलेली. २०२४ च्या गौरीला नेसायची म्हणून कपाटातून काढली तर काठावर पांढरट ठिपके, आणि पदरावरच्या मोराजवळ जर काळवंडलेली. येवल्याला नेली, त्यांनी बरीचशी साफ करून दिली, एक डाग राहिला तो राहिलाच. त्या दिवशी पहिल्यांदा तिने विचारलं, "परत जायचं का?" मी हो किंवा नाही म्हटलं नाही. आता आम्ही दर मे महिन्याच्या शेवटी एक ट्रंक भरून नाशिकला वहिनीच्या कपाटात ठेवून येतो: रेशमी साड्या, शाली, लग्नाचा अल्बम, माझी प्रमाणपत्रं. दसऱ्याला परत आणतो. हा त्रास आहे आणि तो कमी होणार नाही. ज्यांच्या घरात पुस्तकं, वाद्यं किंवा जुनी कापडं आहेत त्यांनी माझ्या बोलण्यातला बाकी सगळा उत्साह बाजूला ठेवून या एका मुद्द्याचा विचार करावा. दम्याचा माणूस घरात असेल तर मी सरळ सांगेन, नाशिक सोडू नका.

पाऊस उद्यानालाही लागतो. विजा किंवा मुसळधार असली की बाहेरच्या मोठ्या राइड थांबवतात, थांबवायलाच हव्यात. नाशिकहून आलेल्या माणसाचा अशा दिवशी पूर्ण बेत जातो, कारण तिकीट आधीच काढलेलं असतं. मला सकाळी गॅलरीत उभं राहून आभाळ बघता येतं. उघडीप दिसली की निघायचं. राजासॉरसच्या होडीत बसून भिजायचं, बाहेर येऊन पुन्हा पावसात भिजायचं, मागे डोंगरावरून धबधबे उतरत असतात, आणि गर्दी जवळपास नाहीच. ऑगस्टमधली अशी एक दुपार मला डिसेंबरच्या तीन दुपारांपेक्षा जास्त आवडते. पण तिथे पोहोचायला वीस मिनिटं लागतात म्हणूनच ती आवडते, हेही खरं.

घर बघताना डोंगरउताराच्या पायथ्याशी बघू नका. जुलै २०२३ मध्ये याच खालापूर तालुक्यात इरशाळवाडीवर दरड कोसळली, ते सगळ्यांच्या लक्षात आहे. आम्ही त्यानंतर चारच महिन्यांनी इथे आलो. बाजारपेठेजवळ, सपाटीवरचं, दुसऱ्या मजल्यावरचं घर घेतलं. दृश्य काही नाही, समोर दुसऱ्या इमारतीची गच्ची दिसते. पावसाळ्याच्या रात्री झोप लागते, ती त्यामुळेच.

पैशाचं थोडक्यात. इंदिरानगरचा आमचा फ्लॅट साडेबारा हजाराने गेला, इथे एका बेडरूमच्या घराला नऊ हजार देतो. मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या दोन-तीन वर्कशॉपसाठी घरी बसून ड्रॉइंगची कामं करतो, ती संगणकावर कुठूनही होतात. पावसाळ्यात वीज जाते म्हणून इन्व्हर्टर घ्यावा लागला. पूर्वी एका फेरीला तिकिटं सोडून डिझेल, टोल आणि खाण्याचे साडेपाच हजार जायचे, ते वाचतात; पण आता नाशिकच्या फेऱ्या होतात, त्यात तेवढे जातात. हिशेब बरोबरीत सुटतो असं मी धरतो. ज्याला सकाळी नऊला सातपूर-अंबडच्या गेटवर हजेरी लावायची आहे, त्याच्यासाठी ही तुलना निवृत्तीनंतरची आहे. मुलं शाळेत असतील तर दहावीच्या आत तरी हलवू नका. आम्हीही लेक पुण्याला शिकायला गेल्यावरच हललो. पुण्याहून रेल्वेने तिला कर्जतला उतरून खोपोली लोकल धरावी लागते, तरी नाशिकपेक्षा निम्म्या वेळात ती घरी पोहोचते. हा फायदा आम्ही आधी मोजलाच नव्हता.

दवाखान्याच्या बाबतीत नाशिक पुढे आहे, वादच नाही. खोपोलीत रोजचं दुखणंखुपणं भागतं, मोठं काही निघालं तर पनवेल किंवा नवी मुंबई गाठावी लागते. मला मधुमेह आहे, दर तीन महिन्यांची तपासणी मी अजूनही नाशिकच्या डॉक्टरांकडेच करतो, आईला भेटणं होतं त्यानिमित्ताने. आई थोरल्या भावाकडे पंचवटीत असते, ८१ वर्षांची आहे. तिला एकदा इकडे आणलं होतं. महडच्या वरदविनायकाचं दर्शन झालं, पालीला बल्लाळेश्वर झाला, आणि तिसऱ्या दिवशी तिला रामकुंडाची आठवण यायला लागली. तिला उद्यानातही नेलं. व्हीलचेअरवर बसून तिने सगळं पाहिलं आणि रात्री वहिनीला फोनवर सांगितलं, "इथं हे दोघं लहान पोरांसारखे वागतात." रागावून म्हणाली नव्हती. पण तिच्यापासून चार-साडेचार तास लांब राहतो, ही टोचणी मला आहे. ती असेपर्यंत नाशिकमध्येच थांबावं, असं कुणाला वाटलं तर मी त्याला चूक म्हणणार नाही.

पाहुण्यांबद्दल मात्र आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पहिल्या मे महिन्यात ३१ पैकी १९ दिवस आमच्याकडे कुणी ना कुणी मुक्कामाला होतं. सगळी आपलीच माणसं, आनंदच होता, पण शनिवारी रात्री बारा जणांचा स्वयंपाक, सकाळी सहाला बारा जणांची आंघोळीची पाण्याची बादली, आणि ती सगळी उद्यानात गेल्यावर सौ. मागे चादरी धूत बसलेली. तिला स्वतःला त्या महिन्यात एकदाही जाता आलं नाही. जूनमध्ये तिने सगळ्यांना प्रेमाने कळवलं: यायचं तर सोमवार ते गुरुवार या, दोनच रात्री, आणि एका दिवशी मीही तुमच्याबरोबर येणार. कुणी नाराज झालं नाही. उलट मधल्या दिवशी रांगा कमी असतात म्हणून भाचरं खूश झाली. तुम्ही हलणार असाल तर हा नियम पहिल्याच आठवड्यात सांगून टाका.

जे सुटलं त्यात फेब्रुवारीतली द्राक्षं आहेत, जानेवारीतली ती कोरडी थंडी आहे, रविवारी सकाळी मित्रांबरोबर गंगापूर रोडच्या पुढे मळ्यात जाऊन खायची मिसळ आहे. इथे त्या बदल्यात दुसरं मिळालं. पहिल्याच हिवाळ्यात शेजाऱ्यांनी पोपटी लावली होती. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, वरून जाळ. रात्री अकरा वाजता शेतात उभं राहून आम्ही ती खाल्ली. आणि पाताळगंगा उन्हाळ्यातही वाहती दिसते, याचं मला फार नवल वाटलं होतं. लोणावळा-वळवणच्या तलावांचं पाणी टाटांच्या वीजघरातून खाली येतं आणि नदीत सोडलं जातं. ते वीजघर १९१५ पासून चालू आहे. दिवाळीनंतर गोदावरीची काय अवस्था होते ते आपण पाहतो, त्यामुळे एप्रिलमध्ये भरलेली नदी बघायला मी अजूनही पुलावर थांबतो.

तर विचारणाऱ्या चार घरांपैकी लहान मुलांच्या दोघांना मी सांगितलं, अजून पाच-सात वर्षं नाशिकलाच राहा, समृद्धीने जा आणि एक रात्र मुक्काम करा. साडेचारला निघू मात्र नका, काही झालं तरी. एकट्या बाईंना सांगितलं की इथे घर मिळणं अवघड नाही, शेजार चांगला आहे, आधी एक महिना ओळखीच्या घरी राहून पाहा. आमच्या वयाच्या जोडप्याला मी काय सांगावं याचा बराच विचार केला. त्यांच्याकडे पुस्तकांची चार कपाटं आहेत. शेवटी म्हटलं, कपाटं नाशिकला ठेवा आणि या.

ज्यांना करून बघायचं आहे त्यांनी अकरा महिन्यांचा करार करताना त्यात पूर्ण पावसाळा येईल असा करावा. जुलैमध्ये करार केला तर कुणीही पळून जाईल आणि नोव्हेंबरला केला तर सुरुवातीला सगळं गोडच वाटेल, आम्हाला वाटलं तसं. फेब्रुवारी किंवा मार्च बरा. पश्चिमेकडच्या भिंतीवर हात फिरवून बघा. रंगाचे पोपडे असतील तर दुसरं घर बघा.

आमचा दुसरा करार या महिन्यात संपतो आहे. मालकांना तिसऱ्याचं सांगून ठेवलंय. भाडं पाचशे वाढवतो म्हणाले, चालेल म्हटलं, फक्त बेडरूमच्या त्या भिंतीला बाहेरून वॉटरप्रूफिंग तेवढं करून द्या. ट्रंक अजून वहिनीकडे आहे, दसरा झाला की जाऊन घेऊन येईन.